शेवटच्या कडव्यातले नाव

मी एक जुने तुणतुणे आहे. शिवणीच्या लाकडाचे अंग, खाली बकरीचे कातडे, एक काठी आणि एक तार. "तेच तुणतुणे लावू नको," असे तुम्ही कंटाळून म्हणता ना? मित्रांनो, मी आज तेच लावणार आहे. इतकी वर्षे झाली, पण दुसरे काही मनात येतच नाही.

इंग्रजांच्या राज्यातली गोष्ट. केशोरीच्या एका सुताराने मला घडवले आणि शाहीर उदारामांनी मला आपला चेला मंगरू याच्या हाती दिले. मंगरू दुसऱ्यांच्या धानात राबे. दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरली की आमची खडी गंमत, म्हणजे उभ्याने गाणाऱ्या शाहिरांचा फड, उभी राही. गुरुजी पुढे गात, मंगरू मागे मला वाजवत झील धरी, त्यांची ओळ सुरात उचलून धरी.

एका पावसाळ्यात बांधीत, धानाच्या खाचरात, रोपांची रोवणी करताना मंगरूची धाकटी बहीण रुख्मा साप चावून गेली. महिना गेला. मग एके दिवशी माझी तार पिळता पिळता त्याने गाणे बांधले:

रुख्मा माझी बाई, बांधी तुझी अर्धी राहिली,
चिखलातली पावलं तुझी भावानं पाहिली.

काय सांगू! गुरुजींनीही डोळे पुसले. पण तीन कडव्यांवर मंगरू थांबला. शेवटच्या कडव्यात शाहीर आपले नाव घालतो, ती त्याची छाप. आणि गुरू हयात असेतो चेल्याने आपली छाप घालायची नाही, अशी आमच्याकडची रीत.

"घाल ना रे आपला नाव," गुरुजी स्वतः म्हणाले.

मंगरूने कानाला हात लावले. "नाही जी. तुमी असताना कसा घालू?"

भाबडा कुठला! तिथेच चुकला तो.

दुसऱ्या एका गंमतीत शालीकराम नावाचा शाहीर होता. त्याने मंडईत हे गाणे मागितले. मंगरूने ते त्याला तोंडी शिकवले, वर त्या दिवसापुरते साथीला मलाही दिले. शालीकरामचा गळा गोड होता, उगाच कशाला नाकारू? पण गाणे संपताना त्याने आपले चौथे कडवे जोडले: 'शालीक म्हणे...' आणि साथ मी देत होते! मेल्या तारेला तेव्हा तुटायचेही सुचले नाही.

गाणे गावोगाव गेले. त्याची तबकडी निघाली, गोंदियात चहाच्या दुकानात वाजू लागली. मंगरू म्हणे, "रुख्मीचा नाव त गाजून राहिला ना." पण शेवटचे कडवे आले की तो दुकानातून उठून जाई.

पुढे गुरुजी वारले. तेव्हा कुठे मंगरूने आपले कडवे बांधले आणि कोहमाऱ्याच्या मंडईत भर दुपारी तो गायला उभा राहिला. तीन कडवी लोक डोलत होते. "मंगरू म्हणे" हे शब्द आले मात्र, एकच हुर्यो उठली.

"अबे, शालीकरामचा गाना चोरून राहिला काय?"

"रुख्मा माझी बहीन होती जी," मंगरू हात जोडून म्हणाला.

पुढे बसलेली म्हातारी धुरपताबाई कळवळली. "असा खोटा नोको बोलू, बापू. मेली ते त शालीकरामची बहीन होती. मी किती रडली तिच्यासाठी!"

लोक उठू लागले. मी जीव तोडून ओरडत होते, पण माझे आपले तुण तुण! मंगरूने माझी काठी घट्ट धरली. बहिणीचे गाणे अर्ध्यात सोडून जाणे त्याच्याने होईना. खाली मान घालून त्याने कडवे पुन्हा उचलले, "शालीक म्हणे, माझी रुख्मा..."

लोक परत बसले. धुरपताबाईने डोळ्यांना पदर लावला.

त्यानंतर मंगरूने मला कधी हातात घेतले नाही. मित्रांनो, माझी तार गंजली, कातडे उंदरांनी खाल्ले, त्याचे मला काही नाही. तुम्ही दुसऱ्यांची गाणी खुशाल गा, गोड करून गा. पण ज्याने बांधले त्याचे नाव आधी विचारा. मी त्या दुपारी सांगू शकले नाही, ते आज सांगते. रुख्मा मंगरूची बहीण होती.