दोन पूर्णांक चार

मेणबत्तीच्या बुडाशी, डाव्या अंगाला, मेणाचा एक ओघळ थिजला होता. साधारण गव्हाच्या दाण्याएवढा. तिनं पडद्यावरचं चित्र थांबवलं, चष्मा पुसला आणि प्लास्टिकची पट्टी पडद्याला लावली. मेणबत्तीची उंची खालच्या पितळी बैठकीच्या साडेतीन पट होती. मग तिनं चित्र अकरा सेकंद पुढं नेलं. बैठक तीच, ओघळ तोच, पण आता त्याच्या शेजारी आणखी तीन ओघळ होते, आणि मेणबत्ती बैठकीच्या दुपटीलाही कमी भरत होती. अकरा सेकंदांत कुठलीही मेणबत्ती एवढी जळत नाही.

हे तिच्या पहिल्यांदा लक्षात आलं त्याला पाच आठवडे झाले होते. पाच आठवडे तिनं तोंडात मिठाची गुळणी धरली होती, आणि तरी दर दोन-तीन दिवसांनी ती पुन्हा पट्टी घेऊन बसत होती, जणू एखाद दिवशी आकडा बदललेला सापडेल.

ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होती. शहराच्या वेगवेगळ्या टाक्यांमधून बाटल्या यायच्या आणि त्यांत क्लोरीन किती, गढूळपणा किती, हे ती मोजायची. काचनळीतलं पाणी कडांना किंचित वर चढतं, म्हणून नजर त्याच्या पातळीत आणून मधल्या खोलगट भागाचा आकडा घ्यायचा असतो. वीस वर्षं ती दिवसातून पन्नासदा अशी वाकत आली होती. घरच्यांच्या मते ती भाजीत मीठसुद्धा वाकून घालायची.

दर गुरुवारी संध्याकाळी टीव्हीवर एक कार्यक्रम लागायचा. दहा अनोळखी माणसं एका बंगल्यात राहायची, एकमेकांच्या प्रेमात पडायची किंवा पडल्यासारखं करायची, आणि प्रेक्षक मतं देऊन एकेकाला घरी पाठवायचे. हा कार्यक्रम बघणाऱ्यांचा इंटरनेटवर एक मंच होता. तिथं तिला मापटी म्हणत. तीन वर्षांपूर्वी शिव्यांचा नुसता चिखल झाला होता, तेव्हा तिनंच बसून अकरा नियम लिहून काढले होते. रूपावर बोलायचं नाही. घरच्यांना ओढायचं नाही. स्पर्धकांचं खरं नाव लिहायचं नाही, टोपणनावच वापरायचं, म्हणजे उद्या त्या माणसानं स्वतःचं नाव शोधलं तर हे सगळं त्याच्या डोळ्यांपुढं येऊ नये. हा तिसरा नियम तिच्या विशेष आवडीचा होता. आणि सातवा असा की मंच सांभाळणारे तिघे 'पंच' या एकाच नावानं लिहितील आणि पंचांची नोंद मागे घेतली जाणार नाही. नाहीतर भांडणं मिटत नसत.

सहा आठवड्यांपूर्वीच्या भागात, पोहायला शिकवणारा एक स्पर्धक, ज्याला सगळे मास्तर म्हणत, जेवणाच्या टेबलावर आपल्या वडिलांच्या मृत्यूबद्दल सांगत होता. समोर बसलेली शिंपीण हसली. शिंपीण म्हणजे कपडे शिवायचं दुकान चालवणारी स्पर्धक. तोपर्यंत तिच्याबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती. त्या रात्री मंच पेटला. ती हसलीच नाही, ओठ थरथरले, असं निम्मे म्हणाले. उरलेले तिला काय काय म्हणाले ते खोडता खोडता मापटीची बोटं दुखली. शेवटी भांडण मिटावं म्हणून तिनं पंचांच्या नावानं नोंद टाकली: 'हसू आहे. "बाबा गेले" या शब्दांनंतर शून्य पूर्णांक आठ सेकंदांनी सुरू. एकूण दोन पूर्णांक चार सेकंद. यावर आणखी वाद नको.'

वाद खरोखरच थांबला. तिला तेव्हा बरं वाटलं होतं, हे तिला अजून आठवत होतं.

आकडा मात्र राहिला. शिंपीण पडद्यावर आली की लोक नुसतं 'दोन पूर्णांक चार' लिहायचे. पुढं नुसतं '२.४'. ना शिवी, ना रूपावर टोमणा. अकरापैकी एकही नियम मोडत नव्हता. दोन आठवड्यांपूर्वी प्रेक्षकांनी शिंपिणीला घरी पाठवलं, तेव्हा मंचावर तेवढा एकच आकडा सातशे वेळा आला होता. ती बघत बसली होती. खोडायला काही सापडलं नाही.

टेबलावरची मेणबत्ती तिला नोंद टाकल्यावर तीन दिवसांनी दिसली होती. हसू टिपलं तेव्हा ती उंच होती आणि मास्तरांची गोष्ट चालू असताना ठेंगणी. म्हणजे शिंपीण हसली ती कधीतरी आधी, दुसऱ्याच कशावर तरी, आणि ते हसू कुणीतरी कापून इथं आणून शिवलं होतं. तिनं बाजारातून तशीच जाड मेणबत्ती आणली आणि एका दुपारी स्वयंपाकघराच्या ओट्यावर पेटवून, मागे उभ्या केलेल्या पुठ्ठ्यावर दर अर्ध्या तासाला पेन्सिलीनं तिच्या उंचीची खूण केली. हिशेबानं मधे किमान सव्वा तास गेला होता.

तिचं मोजमाप अचूक होतं. दोन पूर्णांक चार म्हणजे दोन पूर्णांक चारच. फक्त ज्या गोष्टीचं ते मोजमाप होतं, ती घडलीच नव्हती.

आधी ती स्वतःला म्हणाली, आणखी खात्री करू. मग म्हणाली, वातावरण निवळू दे. मग सातवा नियम आडवा आला. खरं कारण तिला ठाऊक होतं आणि ते बोलून दाखवण्यासारखं नव्हतं. प्रयोगशाळेच्या अहवालावर सही वरच्या बाईंची असायची. घरी तिच्या मोजण्याची थट्टा व्हायची. चार हजार माणसं तिच्या एका ओळीवर गप्प बसतात, असं ठिकाण जगात ते एकच होतं.

सोमवारी डबा खाताना तिनं पंचांसाठी आलेले निरोप उघडले. नवीन सदस्याचा एक होता.

'मी इथं नवीन आहे. तुमचे सगळे नियम वाचले. चांगले आहेत. तुम्ही जिला शिंपीण म्हणता तिची मी थोरली बहीण. दुकानाच्या पाटीवरचा नंबर कार्यक्रमात दिसला होता. रोज दहा-पंधरा फोन येतात. समोरचं माणूस काही बोलत नाही, थोडंसं हसतं आणि ठेवून देतं. आम्ही घड्याळ लावून पाहिलं तर प्रत्येक वेळी साधारण तेवढंच हसतात. आता ती मशीनवर बसत नाही. कुणाशी बोलताना तोंडावर हात धरते. तक्रार कुठल्या नियमाखाली करायची ते कळलं नाही, म्हणून विचारते.'

तिनं डबा बंद केला. उत्तर तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. शेवटी गेलं ते असं: 'आपली तक्रार पंचांपुढे ठेवली आहे.' मग ती जागेवर येऊन बसली आणि बाटलीचा आकडा लिहिताना शून्य पूर्णांक दोनच्या जागी दोन पूर्णांक चार लिहून बसली.

प्रयोगशाळेच्या रजिस्टरात खाडाखोड चालत नाही. पांढरी शाई लावायची नाही, पान फाडायचं नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ, अशी की खालचं वाचता यावं. शेजारी बरोबर आकडा, तारीख आणि ज्याची चूक त्याची सही. तिनं रेघ मारली. वरच्या बाई पाठीमागून जाताना थांबल्या.

"तुझी रेघ बघितल्याला वर्ष झालं असेल."

"हो, बाई."

"अधूनमधून असावी. नाहीतर मला शंका येते."

गुरुवारी नेहमीप्रमाणं नणंद आली. नवऱ्याची धाकटी बहीण, दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायला आणि वेळा द्यायला बसायची. नवऱ्याची दुपारपाळी असायची, तेव्हा दोघींनी मिळून कार्यक्रम बघायचा हा शिरस्ता. वहिनी मंचावर काहीतरी वाचत असते एवढंच नणंदेला ठाऊक होतं. रिमोटच्या बॅटऱ्या शोधताना तिला ओट्याच्या खणात खुणांच्या पुठ्ठ्यासकट ती मेणबत्ती सापडली.

"वहिनी, हिची उंची मोजतेस की काय? वाढदिवसाला पोरांना भिंतीला उभं करतात तशी?"

"ठेव ती आत."

"पण ही तर खाली खाली वाढतेय." नणंद स्वतःच्याच विनोदावर हसली आणि सोफ्यावर पाय वर घेऊन बसली. "तुझ्याकडे दिलेली कुठलीही गोष्ट आकडा होऊन परत येते बघ. दादाचं पोट तेवढं सोड."

पडद्यावर उरलेले चौघे बागेत बसले होते. जाहिरात लागली तशी नणंद म्हणाली, "शिंपीण गेली आणि मजाच गेली. दवाखान्यात आम्ही अजून तो मंच उघडून काढतो तिचा विषय. फोनपण केला होता."

"कुणाला?"

"तिच्या दुकानात. सगळेच करतात गं. डबा खाताना लावला, स्पीकरवर. ती म्हणाली, हॅलो, काय शिवायचंय? मी हसले आणि ठेवला. आमची डॉक्टरीणबाई घड्याळ धरून बसली होती. पहिल्या फटक्यात दोन पूर्णांक तीन. मला म्हणते, एक दशांश कमी पडलीस."

तिनं रिमोट हातात घेतला. उगीचच, कारण जाहिरातीचा आवाज तसाही कमी होता.

"एकदाच केलास?"

"तीनदा. जमेपर्यंत." नणंदेनं तिच्याकडे पाहिलं. "असं काय बघतेस? शिवी दिली का कुणी? घाणेरडं बोललं का? चकार शब्द नाही काढला."

"तिसऱ्या वेळी ती काय म्हणाली?"

"काहीच नाही." नणंदेनं पाय खाली घेतले. "तिसऱ्या वेळी हॅलोपण नाही म्हणाली. नुसता श्वास ऐकू येत होता. वाट बघत असल्यासारखी. मला वाटतं तिला कळलं होतं." मग उशी मांडीवर ओढत म्हणाली, "लागलं बघ, चालू झालं."

कार्यक्रम संपला. जाताना चप्पल घालता घालता नणंद म्हणाली, "तुझं तोंड का उतरलंय?"

"डोकं दुखतंय."

"किती दुखतंय? आकड्यात सांग," नणंद म्हणाली. पण तिलाही हसू आलं नाही.

रविवारी सकाळी अकराला तिन्ही पंचांची फोनवर बैठक असायची. तिघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. मंचावर ज्यांना आजोबा म्हणत ते कोर्टातले निवृत्त कारकून होते आणि कलमं काढल्याशिवाय बोलत नसत. पोपट या नावाचा तिसरा पंच फर्निचरच्या दुकानात विक्रेता होता आणि कुणाला बोलू देत नसे. तिनं फोन जेवणाच्या टेबलावर उभा केला, स्पीकर लावला आणि शेजारी ती मेणबत्ती आणि पुठ्ठा ठेवला. गॅलरीत ओले कपडे वाळत होते.

"शेवटच्या भागासाठी माझ्या डोक्यात भन्नाट कल्पना आहे," पोपट म्हणाला. "हसण्याची स्पर्धा. सदस्यांनी आपापलं हसू पाठवायचं, दोन पूर्णांक चारच्या सगळ्यात जवळ येईल तो जिंकला. ताई, परीक्षक तुम्ही. तुमच्याशिवाय दुसरं कोण?"

"नियमात बसतं," आजोबा म्हणाले. "तिसरा, पाचवा, नववा. कशालाच बाध नाही."

"आजोबा, मी मागे एक तक्रार पुढं पाठवली होती. बहिणीची."

"वाचली. वाईट वाटलं. पण फोन मंचाबाहेर होतात. तो आपल्या अखत्यारीतला विषय नव्हे."

"आकडा आपल्या अखत्यारीतला आहे."

"आकडा बरोबर आहे ना?"

तेवढ्यात दार वाजलं आणि नणंद स्वतःच्या किल्लीनं आत आली. हातात गुरुवारी नेलेला डबा होता. वहिनी फोनवर आहे हे बघून तिनं खुणेनंच 'चालू दे' म्हटलं आणि डबा ठेवायला ओट्याकडे वळली. बेडरूम दहा पावलांवर होती. फोन उचलून आत जायचं, दार लोटून घ्यायचं. तिचा हात फोनपर्यंत गेलाही. मग तिनं हात मेणबत्तीवर ठेवला.

"आकडा बरोबर आहे," ती म्हणाली. "नोंद चुकीची आहे." आणि ओघळांपासून सव्वा तासापर्यंत सगळं तिनं क्रमानं सांगितलं. वाकून आकडा वाचावा तशा सपाट आवाजात.

ओट्याजवळ नळ चालू होता तो बंद झाला.

"हे तुम्हाला कधी कळलं?" आजोबांनी विचारलं.

"पाच आठवड्यांपूर्वी. ती बंगल्यात होती तेव्हाच."

"मग आता उकरून काय उपयोग? पंचांची नोंद एकदा मागे घेतली की उद्या प्रत्येक नोंदीवर बोट ठेवतील. सातवा नियम तुमचाच आहे, बाई."

"ताई, सोपं आहे," पोपट घाईनं म्हणाला. "गुपचूप उडवून टाकू. स्पर्धा रद्द. दोन आठवड्यांत लोक नव्या कुणाच्या तरी मागं लागतील. कुणी टाकली होती हे आपल्या तिघांशिवाय कुणाला माहीत आहे?"

नणंद स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं मेणबत्तीकडे पाहिलं, पेन्सिलीच्या खुणांकडे पाहिलं, मग वहिनीकडे. डब्याचं झाकण तिच्या हातातच राहिलं होतं. "तू?" ती हळूच म्हणाली. "ते पंच म्हणजे तू?"

तिनं मान डोलावली.

"उडवायची नाही," ती फोनकडे न बघता, नणंदेकडे बघत म्हणाली. "नोंद तिथंच राहील, वाचता येईल अशी. तिच्यावर एक आडवी रेघ. खाली मेणबत्तीची दोन्ही चित्रं आणि पाच आठवडे मी गप्प बसले हे. आणि त्याखाली पंच नाही, मापटी नाही. माझं खरं नाव, प्रयोगशाळेच्या रजिस्टरात लिहिते ते. आज, आत्ता, मी ते लिहिणार आहे."