पुसलेल्या धुळीची अंगठी

तर मित्रांनो, मी आहे एक जुनी काचेची चकती. नुसती चकती म्हटल्यावर तुमचे चेहरे पडले ना? पण थांबा! मी दुर्बिणीचा फिल्टर आहे आणि स्वभावाने भयंकर हट्टी आहे. निळा उजेड आला, चल हट. हिरवा आला, तूही हट. आकाशात वायूचे जे अफाट ढग असतात ना, तेजोमेघ, त्यांतल्या हायड्रोजनचा तो एकच लाल उजेड आला, की मात्र या, या, आत या!

माझ्या अंगावर कारखान्यात कितीतरी पातळ थर चढवले, तेव्हा कुठे हा हट्ट अंगी आला. पहिल्या मालकाने मला दोनदा वापरलं आणि मोज्यांच्या खणात टाकलं. चार वर्षं! त्या वासाबद्दल मी काही बोलणार नाही.

मग मला आत्याने विकत घेतलं. आत्या म्हणजे टिंगूची आत्या आणि टिंगू तिची भाची. दिवसभर दवाखान्यात लोकांच्या हाडांचे एक्सरे काढते आणि रात्री आकाशाच्या फोटोंमागे लागते. आधी नुसत्या कॅमेऱ्याने रंगीत फोटो काढायचा, मग मला मध्ये सरकवून माझा, म्हणजे माझ्यातून दिसणारा, काढायचा आणि दोन्ही एकमेकांत मिसळायचे, असं आमचं काम. रंग त्याचे, बारकावे माझे.

पहिल्या खेपेला तिने मला भरभरून ओतलं. टिंगूने संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं आणि किंचाळलीच. "आत्या, ताऱ्यांना गोवर झालाय!"

खरंच, सगळं आकाश लालेलाल झालं होतं. मग आत्या शहाणी झाली. तारे रंगीत फोटोतले ठेवायचे आणि मला फक्त ढगाच्या लाल भागात, बेताने घालायचं. मला जरा राग आला, पण फोटो सुंदर यायला लागले हे कबूल करतो.

आणि एका रविवारी दुपारी आत्या खुर्चीतून उडालीच. "अंगठी! टिंगू, पळत ये! तेजोमेघाशेजारी अंगठी आहे!"

माझ्या फोटोत कोपऱ्यात एक फिकट, चमकती, गोल अंगठी होती. रंगीत फोटोत त्या जागी काहीच नव्हतं.

"म्हणजे ती फक्त हायड्रोजनमध्येच दिसते!" आत्याने पडद्यावर बोट टेकवलं. "आजवर कुणालाच दिसली नाही. माझ्या फिल्टरला दिसली!"

मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझी पापी घेतली. पण मला खरं माहीत होतं आणि मला तोंड नव्हतं.

आत्याला हे हवंच होतं. गेल्या वर्षी तिने आकाशवेड्यांच्या मंडळात धूमकेतू जाहीर केला आणि तो निघाला समोरच्या बाल्कनीतल्या दिव्याचा उजेड. तेव्हापासून तिथे तिला सगळे धूमकेतूबाई म्हणतात. मंडळाच्या कॅलेंडरसाठी फोटो पाठवायची वेळ त्याच संध्याकाळी सहापर्यंत होती. तिने पत्रही लिहून टाकलं. 'नवा शोध', खाली जाड रेघ.

"आता हसून दाखवा म्हणावं!" ती म्हणाली.

पावणेसहाला टिंगूने चुकून दुसऱ्याच तेजोमेघाचा फोटो उघडला. तोही माझाच, त्याच आठवड्यातला.

"आत्या, इथे पण अंगठी आहे. त्याच कोपऱ्यात."

"काहीतरीच काय!"

"अगं, बघ ना! ही काय तुझ्या मागे मागे फिरते?"

आत्याने दोन्ही फोटो शेजारी लावले. दार धरून अण्णा उभे होते. अण्णा म्हणजे आत्याचे वडील, चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेले. काचेवरची धूळ त्यांना बघवत नाही.

"ते... मंगळवारी तुझी चकती मी पुसली होती," ते पुटपुटले. "चांगलीच पुसली हं! भिंग लावून."

आता नीट ऐका. आत्या एक कोरा फोटोही काढून ठेवते, नुसत्या पांढऱ्या उजेडाचा. माझ्यावरच्या धुळीच्या कणाची अंगठीसारखी गोल सावली त्यात दिसते आणि मग आकाशाच्या फोटोतली तेवढी जागा संगणक उजळून घेतो. कोरा फोटो सोमवारचा होता. अण्णांनी पुसलं मंगळवारी. आकाशाचे फोटो नंतरचे. धूळ नाहीच, तरी संगणक बिचारा इमानदारीत उजळतोय!

"अण्णा, सांगायचं तरी होतंत!"

"अगं, पुसलेलं कोण सांगतं? मळवलेलं सांगतात."

आत्याने घड्याळाकडे पाहिलं, मग अण्णांच्या पांढऱ्याशुभ्र इस्त्रीच्या शर्टाकडे.

"शर्ट काढा."

"आँ?"

"नवा कोरा फोटो काढायचाय. पांढरं कापड लागतं. काढा पटकन!"

अण्णा बनियनवर आणि त्यांचा शर्ट दुर्बिणीच्या तोंडावर ताणलेला! टिंगूने बाह्या धरल्या होत्या आणि खिशातल्या पेनाची सावली नको म्हणून त्याची शोधाशोध चालली होती. ते निघालं, कोरे फोटो निघाले, संगणक पुन्हा गरगरला. अंगठी गेली. सहाला दोन मिनिटं असताना माझा लाल भाग रंगीत फोटोवर अलगद बसला आणि ढगाची एक बारीक, झालरीसारखी कड उमटली. ही मात्र खरी होती. आत्याने जाड रेघेसकट पत्र पुसलं आणि नुसता फोटो पाठवला.

तो कॅलेंडरात आला. खाली आत्याचं नाव आणि कंसात 'कोरा फोटो: अण्णांचा शर्ट'. मंडळातले हसले, पण या वेळी आत्यानेच हसवलं होतं.

म्हणून मित्रांनो, एकच विनंती. आमची काळजी घ्या, धूळ पुसा, मोज्यांपासून तर लांबच ठेवा. पण पुसलंत की सांगा हो! अण्णा आता सांगतात. काल तर दवाखान्यात फोन करून म्हणाले, "आत्ता टेबल पुसतोय, चालेल ना?"