तालमीम्होरची खोली

अंबाबाईच्या शिखराकडं तोंड करून सांगते, ह्यातला शबुद न् शबुद खरा हाय. एक अक्षर जरी खोटं निघालं तर माझं उरलेलं चार दात आजच्या आज पडू देत. आता ऐका, आन् मधी बोलायचं न्हाई.

मंगळवार पेठेत सलिमा ऱ्हायची. साड्यांना पिको-फॉल करायची. नवरा वारल्यापास्नं एकटीनं लेकीला वाढीवलं. लेक इरम, शाहूपुरीत एका दुकानात बिलं करती. त्यांच्या घरमालकाच्या पोराचं लगीन ठरलं आन् तीस तारखेला खोली सोडा म्हणून सांगावा आला. हातात ऱ्हायलं चार दिस.

सात घरं बघून झाली. फोनवर समदी गोड बोलायची. नाव सांगितलं की मग कुणाचा भाचा ऱ्हायला येणार असायचा, कुणाला कालच गिऱ्हाईक गावलेलं असायचं. सातव्यानं तर जिन्यावरनंच माघारी लावलं.

आठवी खोली इरमला मोबाईलवर गावली. शिवाजी पेठ, पहिला मजला, दोन खोल्या, म्होरं गॅलरी. भाडं इतकं कमी की सलिमाला वाटलं, एखादा आकडा लिवायचा ऱ्हायला असंल. मालकाचं नाव जोतीराम. त्यो फोनवर म्हणला, "ताई, मी जातपात इचारत न्हाई. माणूस चांगलं पायजे."

सात दारं तोंडावर लागल्यावर असलं कानावर पडलं. सलिमानं फोन ठेवला आन् पदर डोळ्याला लावला. तितंच ती निम्मी फसली हुती, पर तिला कोण सांगणार.

दुपारी दोघी गेल्या. म्होरं तालीम, इकडं ही इमारत. जोतीराम वरच हुभा, पांढराफेक शर्ट, बोटात किल्ली फिरवतोय. दोघी आत आल्यावर त्येनं दार लोटून कडी घातली. मांजर शिरतंय म्हणला.

खोली अशी की सलिमाचं मन तितं बसलंच. गॅलरीतनं भरघोस उजेड येत हुता. हितं मशीन, तितं इरमची खाट, असं तिनं मनातल्या मनात सामान लावूनबी टाकलं. जोतीराम घड्याळ बघत म्हणला, अर्ध्या तासात दुसरी पार्टी येणार हाय, पायजे असंल तर आत्ताच वीस हजार टोकन टाका. वीस हजार म्हंजे सलिमाची दोन वर्सांच्या पिको-फॉलची शिल्लक. तिनं लाईटबिल दावा म्हणलं, तर बिल भावाकडं पुण्याला हाय. करार? त्यो उद्या. इस्वास नसंल तर ऱ्हाऊ दे, त्येच्या आवाजात जरा रुसवाबी आला. आन् त्येनं मोबाईल म्होरं धरला, स्कॅनर उघडून.

इरमनं स्कॅन केलं. वीस हजार आकडा टाकला.

सलिमा गॅलरीत हुभी हुती. म्होरं तालमीच्या पायरीवर एक म्हातारा वस्ताद अंगाला तेल चोळत बसलेला. काय तरी बोलायचं म्हणून तिनं मागं वळून जोतीरामला इचारलं, "तुमी ह्याच गल्लीतलं न्हवं?"

"जलम हितलाच की, ताई."

"मग मोहरमला तुमच्या तालमीत कुठला पंजा बसतोय?"

त्यो हसला. "त्ये तुमच्या लोकांचं. मला काय ठाव?"

सलिमानं तितंच वळखलं. अवो, पेठेत जलमलेला माणूस, हिंदू असू दे न्हाई तर मुसलमान, मोहरमला तालमीत बसवत्यात त्यो चांदीचा पंजा त्येला घरच्या देवावानी. ल्हानपणापास्नं त्येच्या म्होरं नाचलेला असतोय. आपल्या तालमीच्या पंजाला 'तुमच्या लोकांचं' म्हणतोय, त्यो ह्या गल्लीतला न्हाई. आन् जातपात न इचारणाराबी न्हाई.

तिनं मागं बघितलं. इरम पिन टाकत हुती. दोन आकडं झालंतं. दाराला कडी, दारात त्यो, आन् खोलीत ह्या दोघी बायका.

सलिमा वरडली न्हाई. तिचा आवाज जरासुदिक कापला न्हाई. "इरम, थांब. मशीन हितं मावती का बघू दे आदी."

"त्ये मागनं बघा," म्हणत जोतीराम एक पाऊल इरमकडं सरकला. "पिन टाक पोरी, टाईम जाईल."

सलिमानं जाऊन इरमच्या मोबाईलवर आख्खा तळहात ठेवला. इरमला वडत गॅलरीत आणली आन् खाली हाक मारली, "वस्ताद, जरा वर बघा. तुमच्या गल्लीतलं जोतीराम खोली देत्यात. माणूस कसा हाय, सांगा की."

ज्ञानू वस्तादानं मान वर केली. "कुठला जोतीराम?"

तालमीतनं चार गडी लाल मातीचं अंग घिऊन भाईर आलं. खालच्या मजल्यावरची बनाबाई हात पुसत अंगणात आली आन् वर बघून म्हणली, "ह्येनं तर सकाळी माझ्याकडनं किल्ली न्हेली. भाड्यानं घ्यायची हाय, बायकूला खोली दावून किल्ली आणून देतो म्हणला हुता की."

कडी वाजली. किल्ली फरशीवर पडली. पांढरा शर्ट जिन्यातनं असा पळाला की चौकात धारंला हुभी केलेली म्हस त्येला दिसलीच न्हाई. दाव्यात पाय अडकला, म्हस बिथरली, आन् रंकाळ्यापातूर त्येच्या मागं पळाली. रंकाळ्यावर पोचला तवा शर्ट शेणानं हिरवा झालता म्हणं. त्येचा फोन त्या दिसापास्नं बंद.

खरी मालकीण निशिगंधा, सांगलीला असती. बनाबाईनं तिला फोन लावला, चेहरा दिसतोय तसला. तिनं सलिमाला नाव इचारलं. सलिमानं सांगितलं. तसं सांगून सात डाव माघारी फिरली हुती ती.

निशिगंधा म्हणली, "रात्री नवानंतर मशीन चालवू नका, खाली बनाबाई झोपती."

एवढंच. पैलं लाईटबिलावरचं नाव बघितलं, मग करार झाला, आन् मग इरमनं पिन टाकला. मशीन आता गॅलरीच्या उजेडात हाय. जाऊन बघा.

आता दात पडायची पाळी आलीच हाय तर सांगून टाकते. एक गोष्ट माझ्या पदरची हाय. सलिमाचा आवाज कापला न्हाई म्हणले ना, त्ये खोटं. लई कापला बाईचा. 'वस्ताद' म्हणताना दोनदा अडकली.

म्हशीचं मातर खरं हाय.