थेंबाला कोण औषध म्हणतं?

मी डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली बोलतेय. पिवळ्या टोपणाची, अंगठ्याएवढी. आज जरा चिडूनच बोलणार आहे. माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही चिडला असता.

माझा जन्म एका गार, लख्ख कारखान्यात झाला. माझ्यात एकही जंतू जाऊ नये म्हणून तिथल्या माणसांनी डोक्यापासून पायापर्यंत स्वतःला झाकून घेतलं होतं. खोक्यात माझ्यासोबत घडी घातलेलं एक माहितीपत्रक ठेवलं. माझ्याबद्दल जे सांगायला हवं ते सगळं त्यात होतं. मला वाटलं, चला, ओळख करून द्यायची चिंता मिटली.

नोव्हेंबरात मी अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावी देवदत्त आणि सुहासिनी केळकरांच्या घरी आले. देवदत्तराव चौऱ्याहत्तर वर्षांचे, निवृत्त इंजिनिअर. त्यांच्या डोळ्यांतला दाब वाढला होता. तसाच राहिला असता तर नजर हळूहळू गेली असती. डॉक्टरांनी सांगितलं, सकाळ-संध्याकाळ दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब. सहायक बाई पुढे म्हणाल्या, "थेंब घातला की डोळा मिटा आणि नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरा." देवदत्तराव तेव्हा तिथलं मशीन कुठल्या कंपनीचं आहे ते वाकून बघत होते.

"आणखी कुठली औषधं चालू आहेत?" बाईंनी विचारलं.

"बीपीची एक गोळी. अंडर कंट्रोल आहे सगळं."

कुठली गोळी, हे त्यांनी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. ती गोळी पोस्टाने घरी यायची, मी कोपऱ्यावरच्या दुकानातून आले. त्यामुळे आम्ही दोघी एकाच माणसाकडे जातोय, हे कुठल्याच कॉम्प्युटरला कळलं नाही.

या माणसाने नव्या डिशवॉशरचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचलं होतं, हो! माझं पत्रक मात्र खोक्यासकट रीसायकलिंगमध्ये गेलं.

आता मी काय करते ते ऐका, कारण त्या घरात ते कुणी ऐकलं नाही. हृदयाची धडधड, डोळ्यांतलं पाणी, श्वासनलिकांचं आवळणं-सैलावणं ही कामं शरीर तुम्हाला न विचारता करत असतं. त्यासाठी मज्जातंतूंचं वेगळं जाळं आहे. त्याला स्वायत्त मज्जासंस्था म्हणतात. त्यातला एक भाग घाई करायला लावतो, एक सबुरीने घ्यायला लावतो. घाईचे निरोप पेशींवरच्या ठरावीक जागी पोचतात. मी त्याच जागा अडवते. डोळ्यात अडवल्या की तिथलं आतलं पाणी, अश्रू नव्हेत, कमी बनतं आणि दाब उतरतो. पण कोपरा दाबला नाही तर मी नाकात उतरते, तिथून रक्तात आणि रक्तातून हृदयात. मग हृदयाच्याही जागा अडवते आणि त्याची धडधड मंदावते. डोळा कुठला आणि हृदय कुठलं, मला काय कळणार? देवदत्तरावांची बीपीची गोळीही नेमकं हेच काम करायची.

थेंब घालायचं काम सुहासिनीबाईंकडे होतं. त्यांचा हात हलका होता, जीवही तेवढाच लावायच्या.

"एक गालावर वाया जातोय," देवदत्तराव म्हणाले. "दोन घाल, म्हणजे एक तरी आत जाईल."

"बरं," त्या म्हणाल्या. झालं! एकाचे दोन झाले आणि दोन्ही आत जायला लागले.

दुसऱ्या आठवड्यात देवदत्तराव जिना चढताना मध्येच थांबायला लागले. मॉलमध्ये सकाळी चालायला जायचे, तेही बंद केलं. दुसऱ्या राज्यातल्या प्लेनोहून मुलगा अनय फोनवर म्हणाला, "बाबा, आवाज एकदम डाउन वाटतोय."

"थंडी रे. आणि वय."

थंडी नव्हती, वय नव्हतं. मी होते! पण बाथरूमच्या कपाटातून मी हे सांगणार तरी कशी?

चौथ्या रविवारी दुपारी ते बर्फाचं फावडं आणायला गॅरेजमध्ये गेले आणि तिथेच कोसळले. हॉस्पिटलमध्ये नाडी भरली मिनिटाला चौतीस, साठच्या वर हवी तिथे. सुहासिनीबाईंनी औषधांची यादी दिली. बीपीची गोळी, व्हिटॅमिन डी, रात्रीचं इसबगोल, मेथीची पावडरसुद्धा. मी नव्हते.

डॉक्टरांनी गोळी ताबडतोब बंद केली. "नाडी वर यायला हवी. नाही आली तर पेसमेकर बसवावा लागेल."

ती येणार कशी? मी सुहासिनीबाईंच्या पर्समध्ये होते. नर्सना कशाला त्रास, म्हणून त्या सकाळ-संध्याकाळ स्वतःच मला बाहेर काढत होत्या. मंगळवारी संध्याकाळी नाडी अडतीस होती आणि ऑपरेशन बुधवारी सकाळी ठरलं होतं. अनय विमानात बसला होता.

सुहासिनीबाईंनी मला काढलं, नवऱ्याची मान मागे केली. तेवढ्यात नर्स रुही आत आली. ती इथेच जन्मलेली, पण घरी मराठी ऐकलेली.

"काकू, स्टॉप! ते काय आहे?"

"काही नाही गं. डोळ्यांचे ड्रॉप्स."

रुहीने मला हातात घेतलं आणि लेबल वाचलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी वाचलं. "काकू, हा बीटा ब्लॉकर आहे! बंद केलेली गोळी, सेम टाइप. हे तुम्ही कधीपासून देताय?"

"महिना झाला. दोन-दोन थेंब..."

रुही पळतच डॉक्टरांकडे गेली. ऑपरेशन पुढे ढकललं, मला एका पिशवीत बंद केलं. बुधवारी संध्याकाळी नाडी त्रेपन्न झाली, शुक्रवारी चौसष्ट. पेसमेकर लागलाच नाही.

"मीच घालत होते हो," सुहासिनीबाई रडत म्हणाल्या.

"दोन घाल असं कोण म्हणालं होतं?" देवदत्तरावांनी त्यांचा हात धरला. "मीच ना?"

आता त्यांना वेगळ्या जातीचे थेंब दिलेत. ती बाटली हातात घेतली की बाई आधी लेबल वाचतात. मग घालतात, एकच, आणि रुहीने शिकवलं तसा कोपरा घड्याळ लावून दाबतात.

उद्या मला जुन्या औषधांच्या पेटीत टाकणार आहेत. आमच्यासारख्या कुणी तुमच्या घरी असतील, थेंब, मलम, नाकातला फवारा, तर डॉक्टरांसमोर त्यांचं नाव घ्या. आम्हाला हाक मारता येत नाही हो!

परवा डोळ्यांच्या डॉक्टरांनी कागद चाळले. मी बंद होईपर्यंत डोळ्यांतला दाब सत्तावीसवरून अठरावर आला होता. त्यांनी मान हलवली आणि पान उलटलं. माझं काम मी चोख केलं होतं. कुणी म्हणालं नाही, म्हणून मीच सांगून जातेय.