सोवळ्यातला प्रिंटर

नानांचं सोवळं कर्जतच्या घरापुरतं होतं. वाळत घातलेल्या धोतराला कुणी शिवलं की पुन्हा विहीर, पुन्हा पिळा. मुलगा सौमित्र त्यांची टर उडवायचा आणि स्वतःच्या लॅपटॉपला मात्र कुणाला शिवू द्यायचा नाही. त्याचं दैवत मुक्त सॉफ्टवेअर. कुणीही उघडावं, वाचावं, बदलावं, वाटावं असं. कंपनीच्या बंद डब्यातला एक कण पडला की यंत्र विटाळलं. मुलगा आपल्यावर गेला नाही, असं नाना म्हणत. इतकं धडधडीत खोटं त्या घरात दुसरं कुणी बोललं नव्हतं.

दर रविवारी सौमित्र एसटीने खालापूरच्या वाचनालयात येई. भंगारात निघालेले सहा संगणक त्याने तिथे मायेने जिवंत केले होते. आदिवासी वाड्यांवरची पोरं त्यांवर पोलीसभरतीचा अभ्यास करत. वाचनालय सांभाळणारी भाग्यश्री स्वतः ठाकूरवाडीची.

अडलं होतं फक्त प्रिंटरपाशी. त्याला हुकूम देणारा ड्रायव्हर कंपनी फुकट देत होती, पण बंद डब्यात. मी स्वतः लिहीन, सौमित्र म्हणाला. लिहीत राहिला. पाऊस सरला, भात कापला, शेतात वाल फुलला. प्रिंटर आडव्या रेघा ओढत राहिला. सौमित्रला त्यांत प्रगती दिसे, पोरांना झेब्रा.

शेवटी वाचनालय समितीचे अध्यक्ष मनोजशेट कंटाळले. रविवारी समितीला एक धड पान छापून दाखवा, नाहीतर आमचा भाचा सगळ्यांवर चोरीची विंडोज टाकील, असं त्यांनी कळवलं.

त्या रविवारी सौमित्र हरून चहाला गेला. परतला तर टेबलावर स्वच्छ छापलेलं पान. नैवेद्यात पाल पडावी तसा तो त्याकडे बघत राहिला. भाग्यश्रीने प्रिंटर जोडलेल्या संगणकात कंपनीचा ड्रायव्हर टाकला होता. पुसून टाकायला त्याने कीबोर्ड ओढला. तिने अडवलं नाही.

"पुसा दादा. पण मंग सहाच्या सहा मशीनीत चोरीचा माल बसंल. एक बाटवून पाच राखायच्या, का सगळ्या घालवून तुमी एकट्यानं सोवळ्यात बसायचं?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे, भाग्यश्री."

"तत्त्व तुमचं हाय, वाचनालय आमचं बी हाय. आमाला शिवू नका म्हणणारे लय बघितले आमी. आता मशीनीला बी सुरू करताय का?"

त्याने कीबोर्ड तिच्याकडे परत सरकवला. जिन्यावर समितीच्या चपला वाजल्या.

पान पुन्हा छापून निघालं. मनोजशेटनी ते नोट पारखावी तसं उजेडात धरलं. "जमलं की. कुणी केलं?"

सौमित्रने हात पाठीमागे बांधले. "भाग्यश्रीने. माझा त्याला हातसुद्धा लागलेला नाही."

त्याने अंग झटकलं होतं. समितीला त्यात मनाचा मोठेपणा ऐकू आला. दोघांनी टाळ्या वाजवल्या. मग जागच्या जागी ठरलं की सहाही संगणक आजपासून भाग्यश्रीच्या ताब्यात, त्यांत काय ठेवायचं ते तीच ठरवील.

सौमित्र अजून येतो. आपला ड्रायव्हर पुढे लिहायला तिची परवानगी मागतो. माणसाला चिकाटी हाय, असं ती सगळ्यांना मनापासून सांगते आणि त्याला बाकावर बसवते. पोरांचा अभ्यास आटपून यंत्र रिकामं झालं की हाक मारते.