न घेतलेलं नाव

पहिलं पत्र नूरबीनं घेतलं, ते केवळ जीभ वळली नाही म्हणून.

मच्छिंद्रमामा पोस्टमन शिरूरला नव्यानं बदलून आले होते. कोण कुठला याची त्यांना अजून माहिती नव्हती. दाराला सायकल टेकवून त्यांनी पाकिटावरचं नाव खणखणीत वाचलं, "महबूब शेखलाल तांबोळी. हितंच ऱ्हात्यात ना?"

महबूब राहायचा दौंडला. रेल्वेच्या इंजिनशेडात फायरमन होता. नूरबीला तलाक देऊन त्याला दोन वर्षं होत आली होती आणि ती बापाच्या, इलाही पिंजाऱ्याच्या घरी परत आली होती. सांगायचं एवढंच होतं. पण 'ते इथं राहत नाहीत' म्हणावं, तर 'ते' हा शब्द बायकोचा. तो तिच्याकडून काढून घेतला होता. नाव घ्यावं, तर आईनं लग्नाच्या आदल्या दिवशी कानात सांगितलेलं, की नवऱ्याचं नाव घेतलं की त्याच्या आयुष्यातलं एक वर्ष गळतं. तलाक झाल्यावर ते गळायचं थांबतं का, हे आईनं सांगितलं नव्हतं, आणि आता विचारायला आई नव्हती.

नूरबीनं मुकाट्यानं हात पुढे केला.

त्यानंतर पत्रं येतच राहिली. दुसऱ्याचं पत्र फोडू नये म्हणून ती पाकिटं ट्रंकेत कपड्यांखाली ठेवायची. रजिस्टर पत्रावर सही करावी लागली तेव्हा मात्र तिनं ते उघडलं. पुण्याच्या एका पेढीचं होतं. महबूबनं हप्त्यानं घेतलेल्या शिलाईच्या मशीनचे हप्ते थकले होते आणि ते न भरल्यास पेढी मशीन उचलून नेणार होती.

ते मशीन म्हणजे नूरबीची मेहेर, निकाहात नवऱ्यानं कबूल केलेलं देणं, होती. तलाकाच्या वेळी जमातीच्या पंचांनी मेहेरीचं विचारलं, तेव्हा महबूबनं दुसऱ्याच दिवशी, दौंडला ती ज्यावर शिवायची तेच पायाचं मशीन एस.टी.च्या टपावर चढवून शिरूरला पाठवलं. इलाहीनं साऱ्या आळीला ते दाखवलं होतं. "मेहेर वाजवून घेतली," असं तो अजूनही सांगायचा. गावोगाव कापूस पिंजून त्याची छाती भरली होती, आता त्याच्याच्यानं फारसं होत नव्हतं. गाद्यांच्या खोळी आणि शाळेतल्या पोरांचे सदरे या मशीनवर शिवून नूरबी दोघांचं पोट चालवत होती. मेहेर मुळात देणाऱ्याचीच नव्हती, हे बापाला कोणत्या तोंडानं सांगायचं?

ती गप्प राहिली, आणि घरात तिसरं माणूस आलं.

निदान तिला तसं वाटू लागलं. मशीनवर बसली की पाठीमागे कोळशाचा वास यायचा. ड्यूटीवरून आला की महबूब असाच पाठीमागे येऊन उभा राहायचा आणि काही न बोलता मशीनचं चाक एका बोटानं पुढे ढकलायचा. नूरबीला उठताना सुई वर ठेवायची सवय होती. आता सकाळी सुई खाली, कापडात रुतलेली दिसायची. उंदीर असेल, चाक फिरवणारी चामड्याची वादी सैल झाली असेल, असं तिनं मनाशी म्हटलं. वादी ताठ होती. मग तिनं खडूनं चाकावर आणि शेजारच्या लोखंडावर मिळून एक सरळ रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी त्या रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून बोटभर लांब होते.

शेजारच्या अनसाबाईलाही संशय आला होता, पण वेगळा. पाण्याला जाताना तिनं विचारलं, "काय गं, जावई परत आला म्हनं? पत्रं तर त्याच्या नावाची येत्यात. भाकरी किती थापतीस आता?" नूरबी हसली नाही. तलाक दिलेला पुरुष एका छपराखाली असणं म्हणजे हराम. हे आळीत पसरलं, की जमात बापाला बोलावून घेणार होती.

पुढच्या पत्रात पेढीनं कळवलं, की बाजारच्या दिवशी माणूस मशीन न्यायला येईल. तेव्हा दोरा संपल्याचं बापाला सांगून नूरबी न्हावऱ्यावरून जाणाऱ्या गाडीनं दौंडला गेली. महबूबनं आपल्या तोंडानं पेढीला काय ते सांगावं, एवढंच तिला हवं होतं.

रेल्वेच्या चाळीत दार उघडलं ते त्याच्या दुसऱ्या बायकोनं, नजमुन्निसानं. अंगानं अगदी वाळलेली पोर. तिनं नूरबीला ओळखलं असावं. पण नूरबीकडं न पाहता ती तिच्या खांद्यावरून मागे रस्त्याकडं पाहत राहिली.

"ते न्हाई आले संगं?" तिनं विचारलं.

आत खुंटीवर धुतलेला निळा सदरा होता. खाली तांब्या, त्यावर पालथा पेला.

नजमुन्निसानं चहा टाकला आणि चुलीकडं तोंड करून सांगितलं. रमजान ईदनंतर तो ड्यूटीवर म्हणून गेला तो परतलाच नाही. शेडातनं त्याचं नाव कमी झालं. कुणी भुसावळ म्हणालं, कुणी भलतंच काही. पेढीचा कारकून पत्ता विचारत आला, तेव्हा तिनं शिरूरचा दिला. पहिलीकडंच गेला असणार, दुसरीकडं कुठं जाईल?

"लई राग आला तुमचा," ती म्हणाली. "मग वाटलं, असू दे. निदान कुठंतरी हायत. कारकून म्हनला, पत्रं माघारी न्हाई येत, घेतंय कुणीतरी. तवा मी म्हनलं, हायतच."

कुणी घेतली ती पत्रं, हे नूरबीनं सांगायला हवं होतं. ती एवढंच म्हणाली, "माझ्याकडं न्हाईत."

नजमुन्निसानं मान हलवली. पटल्यासारखी नाही, ऐकलं नसल्यासारखी. नूरबी निघाली तेव्हा ती दारात येऊन म्हणाली, "त्यांना सांगा, सदरा धुवून ठिवलाय."

बाजारच्या दिवशी पेढीचा कारकून सर्जेराव एका हमालाला घेऊन दारात आला. इलाही ओट्यावर बसला होता. अनसाबाई सूप घेऊन आपल्या दारात आली, पण सुपात काही नव्हतं. कारकून थकलेला, स्वभावानं बरा होता. मशीन ओढून नेण्याचा त्यालाही कंटाळा दिसला.

"तांबोळी घरात हायत का?" तो म्हणाला. "बाहेर गेलं असतील तर तसं सांगा. पुढच्या महिन्यात येतो मी."

वाट सोपी होती. बाहेर गेलेत म्हटलं की मशीन राहणार होतं, बापाची शान राहणार होती, आणि दौंडच्या त्या पोरीचा नवराही कुठंतरी राहणार होता. फक्त तो इथंच, नूरबीच्या पाठीमागे, चाकावर बोट ठेवून राहणार होता.

तिनं उंबऱ्याला हात लावला.

"महबूब शेखलाल तांबोळी इथं राहत नाही," ती म्हणाली. "कधीच राहत नव्हता. पत्रं मी घेतली, ती माझी चूक. मशीन माझ्याकडं आहे. राहिलेले हप्ते माझ्या नावावर लिहून घ्या."

कारकून म्हणाला, की तसं करता येईल, पण जामीन लागेल. मग इलाही उठला आणि अंगठा पुढे केला.

"मेहेर वाजवून घेतली म्हणत हुतो," तो म्हणाला. "आवाज तेवढा ऐकला. नाणं बघायचं ऱ्हायलं."

अनसाबाई सूप घेऊन आत गेली.

ट्रंकेतली सगळी पाकिटं नूरबीनं कारकुनाला दिली. पाकिटं आता पेढीकडं परत जाणार होती, आणि कधीतरी कुणीतरी दौंडच्या चाळीत जाऊन सांगणार होतं, की शिरूरला कुणी नाही. नूरबीला खुंटीवरचा तो धुतलेला सदरा आठवला. एक वर्ष गळालं असेल का? गळायला उरलं तरी होतं का?

हमाल रिकाम्या हातानं गेला. ती आत आली आणि मशीनपाशी उभी राहिली. चाकावरची खडूची रेघ तिनं पुसली नाही. मग तिनं एकदा, अगदी हळू, पुन्हा ते नाव घेतलं आणि कान देऊन थांबली.

कुणी ओ दिली नाही.