सोडून दिलेला सामना

वॉशिंग मशीन तीनदा टुणटुणलं, तेव्हा कुठे स्वयंपाकघरातली शांतता मोडली. बेर्गदीसने वाकून दार उघडलं आणि ओल्या निळ्या जर्सी एकेक करून टोपलीत आपटायला सुरुवात केली. फुटबॉल संघातल्या बायका त्या पाळीपाळीने धुवायच्या. या आठवड्यात पाळी तिची होती.

"राहू दे ना आता," ह्लीनुर म्हणाला. तिचा नवरा दाराशी बसून डोंगरावर जायचे बूट चढवत होता. "उद्या तुमचा सामना नाहीये, सांगितलं ना."

"नाहीये नाही. तू सोडून दिलास."

"अगं, तुमच्यातल्या चार जणी डोंगरावरून मेंढ्या उतरवायला येणार. बर्फ पडणार म्हणून आबांनी दिवस आठवडाभर अलीकडे घेतला, काल रात्री. आज सकाळी कळवून टाकलं."

"आणि तुम्हा पुरुषांचा सामना?"

त्याने नाडी आवळली. "तो पुढे ढकललाय. एका क्लबला एकच ढकलता येतो म्हणाले."

"तुम्ही पाचवे आहात. वर जाणार नाही, खाली येणार नाही. आम्ही मे महिन्यात एक सामना सोडलाय, मेंढ्या व्यायल्या म्हणून. दुसरा सोडला की संघच यादीतून जातो. अध्यक्ष आहेस क्लबचा, एवढं ठाऊक असेल."

"अकरा सामने हरलात, बेर्गा. उद्या बारावा हरला असतात."

"मग हरू दे ना. हरायला तरी उतरू दे."

बाहेर हॉर्न वाजला. घोडे गाडीत चढवून आबा, त्याचे वडील, थांबले होते. ह्लीनुरने सुकी मासळी आणि लोण्याचा डबा पिशवीत कोंबला आणि तिच्या गालाशी वाकला. तिने टोपली उचलून मध्ये धरली. तो तसाच गेला.

टेबलाशी सहा वर्षांची इल्वा दह्यात चमचा फिरवत बसली होती. "खा गं राणी," बेर्गदीस म्हणाली. लेकीशी बोलताना आवाज मऊ ठेवायला तिला कष्ट पडले. मग तिने फोन घेतला.

उतरायला सात जणी लागतात. गोलात ती स्वतः. मासळीच्या कारखान्यातल्या दोघींनी पाळी बदलून घेतली. शाळेतली बाई आली, पोस्टातली आली, बेकरीतली आली. सातवी हाल्बेरा. ती डोंगरावर जाणाऱ्या चौघींपैकी एक.

"मेंढ्यांना बघायला नवरे आहेत की," हाल्बेरा म्हणाली. "नाहीतरी आमचा त्यांच्याशी जास्त बोलतो. येते मी."

बेर्गदीस हसली, सकाळपासून पहिल्यांदा. त्याच हसऱ्या तोंडाने तिने महासंघाच्या कचेरीत फोन लावला.

तिथली बाई अदबीने बोलत होती. नोंद झाली होती. आता बदलता येणार नव्हती. समोरच्या संघाने बसही रद्द केली होती.

"एवढ्यात? आज सकाळीच कळवलं ना आमच्या क्लबने?"

"नाही हो. तुमच्या अध्यक्षांचं पत्र बुधवारी आलं. पुरुषांचा सामना पुढे, बायकांचा सोडला. एकाच पत्रात."

"बुधवारी? बुधवारीच सोडून दिला ह्लीनुरने?"

"बुधवारी दुपारी."

तिने फोन ठेवला. टोपलीतली वरची जर्सी उचलली आणि पिळायला लागली. मशीनने ती आधीच पिळली होती. थेंबही पडला नाही. तरी ती पिळत राहिली, बोटांची पेरं पांढरी पडेपर्यंत.

"आई, बुधवार कालच्या आधी येतो?"

"हो."

इल्वाने चमचा खाली ठेवला. "पण काल जेवण झाल्यावर बाबा अंगणात तुझ्यावर चेंडू मारत होते. मीच आणून देत होते. चाळीस वेळा. तू पकडलास की म्हणायचे, शनिवारी अस्संच कर."

बेर्गदीसचे हात थांबले.

"त्यांना माहीत होतं, तर मग कशाला मारत होते?"